भरणा केव्हा झाला? : व्यापारी करांच्या चलनापासून नेट बँकिंगपर्यंत

कर भरणे ही वरवर एकच क्रिया दिसत असली, तरी तिच्या पोटात तीन निरनिराळ्या घटना असतात: पैसा देणाराच्या हातून सुटतो, तो सरकारच्या खात्यात पोचतो आणि तो पोचल्याची कबुली देणाराला मिळते. या तिन्हींमधले अंतर कधी काही क्षणांचे असते, तर कधी काही आठवड्यांचे. आणि त्या मधल्या काळात पैसा हरवला, अडकला किंवा चुकीच्या खात्यात गेला, तर नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न प्रत्येक करपद्धतीला सोडवावा लागतो, कारण व्याज आणि दंड यांची गणना शेवटी एका तारखेवर येऊन थांबते. गेल्या दोन दशकांत व्यापाऱ्यांचा करभरणा बँकेच्या खिडकीवरून नेट बँकिंगवर, म्हणजे खातेदाराने संगणकावरून स्वतःच दिलेल्या आदेशानुसार बँकेने रक्कम वर्ग करण्याच्या पद्धतीवर गेला, तेव्हा या बदलाचे वर्णन बहुधा रांगा संपल्याची गोष्ट म्हणून करण्यात आले. रांगा खरोखरच संपल्या आणि त्याचे मोल कमी नाही. परंतु या स्थित्यंतराचा गाभा पावतीच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

मराठा राज्यव्यवस्थेत दुकानदार आणि कारागीर यांच्याकडून घेतल्या जाणाऱ्या कराला मोहतर्फा म्हणत. हा कर नाण्यांत दिला जाई आणि चलनात एकाच वेळी अनेक टांकसाळींची, कमीअधिक कसाची नाणी असल्यामुळे, भरलेले नाणे खरे किती किमतीचे हे ठरवण्यासाठी पोतदार हा स्वतंत्र अधिकारी लागे. तो नाणे पारखी आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा, म्हणजे किमतीतली घट, लावी. महालात जमा झालेला वसूल पुण्यास पाठवताना रोकड वाटेत लुटली जाण्याचे भय असे, म्हणून महालाचे वसुली अधिकारी, म्हणजे कमाविसदार, पुष्कळदा सावकाराची हुंडी घेत, आणि हुंडी म्हणजे एका ठिकाणी पैसे घेऊन दुसऱ्या ठिकाणी तितकेच पैसे देण्याचा लेखी आदेश. पैसा जागचा न हलवता केवळ लिहिलेल्या शब्दावर तो दुसरीकडे पोचवण्याची ही रीत पश्चिम भारतातील पेढ्यांना इतकी अंगवळणी पडलेली होती, की पुढे आलेल्या धनादेशात किंवा विद्युत हस्तांतरणात तत्त्वतः नवे असे थोडेच होते. नवा होता तो सरकारी कागद.

हा कागद म्हणजे चलन. ब्रिटिश अमलात जिल्ह्याचे कोषागार आणि तालुक्याचे उपकोषागार उभे राहिले आणि सरकारजमा होणाऱ्या प्रत्येक रकमेबरोबर ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली भरली हे सांगणारे चलन जोडणे आवश्यक झाले. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी हिशेबातील तो रकाना, ज्यात ती रक्कम कायमची नोंदली जाते. जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर आणला, तरी सामान्य दुकानदाराचा सरकारी चलनाशी नियमित संबंध आला तो विक्रीकरामुळे. १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात मोटारीच्या इंधनावर विक्रीकर बसला, १९३९ मध्ये मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर आणला आणि १ ऑक्टोबर १९४६ पासून मुंबई प्रांताचा विक्रीकर कायदा अमलात आला. त्यानंतर १९५६ चा केंद्रीय विक्रीकर, १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आणि १९७५ चा व्यवसायकर अशी भर पडत गेली, आणि महाराष्ट्रातील व्यापाऱ्याच्या वर्षाला चलनांच्या तारखांचे एक पंचांगच लाभले.

चलन बहुधा चार प्रतींत भरावे लागे, कारण एकाच रकमेची खबर चार ठिकाणी पोचवायची असे: बँकेला किंवा कोषागाराला, लेखा कार्यालयाला, कर खात्याला आणि स्वतः करदात्याला. कार्बन कागद घालून लिहिलेल्या या प्रती बँकेचा शिक्का बसून वेगवेगळ्या वाटांनी निघत. बँकेची शाखा दिवसभराच्या चलनांची यादी करून ती आपल्या मुख्य शाखेकडे आणि तेथून लेखा कार्यालयाकडे पाठवी. सरकारचा पैसा मात्र रिझर्व्ह बँकेकडे जाई आणि सरकारांची मुख्य खाती रिझर्व्ह बँकेच्या नागपूर येथील केंद्रीय लेखा विभागात ठेवलेली असल्यामुळे, मुंबईच्या एखाद्या पेठेत भरलेल्या कराचा हिशेब अखेर नागपूरला जुळे. कागदाची वाट आणि पैशाची वाट अशा दोन स्वतंत्र वाटा असल्याने त्यांचा मेळ बसेलच अशी खात्री नसे. कर खात्याची प्रत गहाळ झाली, लेखाशीर्ष चुकीचे लिहिले गेले किंवा यादीत आकडा उलटसुलट झाला, की भरलेल्या कराची पुन्हा मागणी करणारी नोटीस व्यापाऱ्याच्या दारी येई. तेव्हा आपल्या चौथ्या प्रतीखेरीज त्याच्याजवळ दुसरा पुरावा नसे, आणि म्हणूनच जुन्या पेढ्यांवर चलनांच्या फायली रोजकीर्द-खतावणीच्या बरोबरीने, पुष्कळदा तिजोरीतच, सांभाळल्या जात. सरकारी जमेचा पुरावा सरकारपेक्षा भरणाऱ्याने अधिक काळजीने राखायचा, ही त्या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होती, आणि पुढील सर्व सुधारणा तिच्याच दिशेने वळताना दिसतात.

धनादेशाने या व्यवस्थेत आणखी एक गुंता आणला, कारण धनादेश हा पैसा नसून पैसा देण्याचा बँकेला दिलेला लेखी आदेश असतो. तो हातात पडला त्या दिवशी भरणा झाला असे मानायचे, की तो वटून रक्कम खात्यात आली त्या दिवशी, याचा निर्णय भारतीय कायद्यात ज्या खटल्याने घालून दिला, तो सातारा जिल्ह्यातील एका मराठी कारखान्याचा आहे ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडी येथील ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना प्रभाकर कंदिलांसाठी घराघरांत ठाऊक होता. हे ठिकाण तेव्हा औंध संस्थानच्या हद्दीत, म्हणजे ब्रिटिश मुलखाबाहेर होते. कंपनीने भारत सरकारला कंदील पुरवले, आपल्या देयकांवर मुंबईच्या बँकेवरील धनादेशाने पैसे पाठवावेत अशी विनंती लिहिली आणि त्याप्रमाणे दिल्लीहून टपालाने धनादेश ओगलेवाडीला येत गेले. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे, की हे उत्पन्न ब्रिटिश हिंदुस्थानात मिळाले, म्हणून त्यावर कर लागतो. कंपनीचे म्हणणे असे, की धनादेश औंध संस्थानात हाती पडले, म्हणून लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये प्राप्तिकर आयुक्तांचे अपील मान्य केले आणि त्या निकालात दोन तत्त्वे मांडली. पहिले असे, की धनादेश पाठवण्याची विनंती घेणाऱ्यानेच केलेली असेल तर टपालखाते हे घेणाऱ्याचे प्रतिनिधी ठरते, त्यामुळे दिल्लीत पाकीट टपालात पडताच भरणा तेथे पूर्ण झाला. दुसरे तत्त्व व्यापारी जगताच्या दृष्टीने अधिक दूरगामी होते: धनादेशाने केलेला भरणा सशर्त असतो खरा, पण धनादेश परत गेला नाही, तर तो मिळाला त्याच दिवशी भरणा झाला असे मागे जाऊन मानायचे. ओगले कंपनी हरली, तरी याच तत्त्वाचा आधार नंतर असंख्य करदात्यांना मिळाला. १९७९ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही एका परिपत्रकाद्वारे असे स्पष्ट केले, की धनादेश वटला असल्यास तो सरकारी भरणा घेणाऱ्या बँकेत दिल्याचा दिवस हाच कर भरल्याचा दिवस समजावा. मधल्या दिवसांचा धोका त्यामुळे भरणाऱ्याच्या डोक्यावरून उतरला. पुढे विद्युत भरण्याच्या काळात तो धोका पुन्हा कोणाकडे गेला, हे पाहताना ओगलेवाडीच्या या धनादेशांची आठवण ठेवणे उपयुक्त ठरते.

बँकांच्या आतले चित्र पालटायला वेळ लागला. डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला, परंतु नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांचा विरोध तीव्र होता आणि सुरुवातीची संगणकीकृत शाखा ही इतर शाखांपासून तुटलेले बेटच असे. खाते ज्या शाखेत, व्यवहार त्याच शाखेत. सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती संगणकावर आणणारी व्यवस्था, जिला कोअर बँकिंग म्हणतात, ती सार्वजनिक बँकांमध्ये एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पसरली, आणि तिच्यावाचून घरबसल्या भरणा ही कल्पनाच शक्य नव्हती. कायद्याची बाजू त्याआधी सज्ज झाली होती: १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने विद्युत नोंदीला कागदाची मान्यता दिली आणि सरकारी देणीघेणीही विद्युत मार्गाने होऊ शकतील अशी तरतूद केली. जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मार्च २००४ मध्ये मोठ्या रकमा तत्काळ वर्ग करणारी आरटीजीएस आणि नोव्हेंबर २००५ मध्ये ठरावीक अंतराने गठ्ठ्यांत हिशेब जुळवणारी एनईएफटी सुरू झाली. रस्ता तयार झाला होता. करखात्याला त्यावर आणणारा विचार मात्र स्वतंत्रपणे मांडावा लागला.

तो मांडला डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने. २००२ साली प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष करांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या या कार्यगटाने कर प्रशासनाचे खरे दुखणे दरांइतकेच माहितीच्या वहनात आहे हे ओळखले आणि भरलेल्या करांची माहिती एका राष्ट्रीय जाळ्यात गोळा करण्याची शिफारस केली. हे कर माहिती जाळे चालवण्याचे काम नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी या मुंबईतील संस्थेकडे आले. शेअर प्रमाणपत्रांचे कागद नाहीसे करून त्यांच्या जागी विद्युत नोंदी आणण्यासाठी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला, कागद हरवला तरी हक्क हरवू नये यासाठी काय करावे लागते, याचा अनुभव होता. जून २००४ मध्ये प्रत्यक्ष करांसाठी ओल्टास ही ऑनलाइन करलेखा पद्धत सुरू झाली आणि तिने चार प्रतींचे चलन मोडीत काढून फाडून देण्याच्या पावतीसह एकाच प्रतीचे चलन आणले.

या सुधारणेचा कणा चलन ओळख क्रमांक हा होता. रिझर्व्ह बँकेने प्रत्येक शाखेला दिलेला सात अंकी संकेतांक, भरण्याची तारीख आणि त्या दिवशीच्या चलनाचा पाच अंकी अनुक्रमांक, असे तीन भाग जोडून तो बने, आणि त्यामुळे देशात कोठेही, केव्हाही भरलेले प्रत्येक चलन दुसऱ्या कोणत्याही चलनापासून वेगळे ओळखता येई. आता बँकेने फक्त माहिती पाठवायची. करदात्याने विवरणपत्रात, म्हणजे आपल्या उत्पन्नाच्या आणि कराच्या निवेदनात, हा क्रमांक लिहायचा. आणि खात्याने दोन्ही बाजू संगणकावर जुळवायच्या. शिवाय आपले चलन खरोखर नोंदले गेले की नाही हे करदात्याला स्वतः पाहता येऊ लागले. चौथ्या प्रतीचे महत्त्व एकाएकी संपले नाही, पण पुराव्याचा मुख्य साठा तिजोरीतून मध्यवर्ती संगणकाकडे सरकला, आणि या एका बदलाचे श्रेय पुढच्या कोणत्याही आकर्षक संकेतस्थळापेक्षा अधिक आहे. नेट बँकिंगने नंतर या क्रमांकाला वेग दिला; विश्वासार्हता त्याला आधीच लाभली होती.

यानंतर सक्तीचा टप्पा आला. १ एप्रिल २००८ पासून सर्व कंपन्यांना आणि प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४ एबी खाली हिशेबतपासणी बंधनकारक असलेल्या व्यावसायिकांना प्रत्यक्ष कर विद्युत मार्गानेच भरणे आवश्यक ठरले. भरण्याची रीत अशी होती, की करदाता कर माहिती जाळ्याच्या संकेतस्थळावर चलनाचा नमुना निवडी, आपला कायम खाते क्रमांक देई, तो तपासला जाऊन नाव पडद्यावर येई, मग बँक निवडताच तो त्या बँकेच्या नेट बँकिंगच्या पानावर पोचे, तेथे परवलीचा शब्द देऊन रक्कम मंजूर करी आणि त्याच क्षणी ओळख क्रमांकासह पावती समोर येई. १५ मार्चच्या अग्रिम कराच्या हप्त्याआधी गर्दी टाळण्यासाठी लवकर भरणा करा, असे आवाहन रिझर्व्ह बँकेला वर्षानुवर्षे करावे लागत असे. त्या गर्दीतला मोठा व्यापारी वर्ग आता बाहेर पडला. सेवाकराच्या बाबतीत ही सक्ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरली: ऑक्टोबर २००६ मध्ये वर्षाला ५० लाख रुपये किंवा अधिक कर भरणाऱ्यांवर ती आली, एप्रिल २०१० मध्ये मर्यादा १० लाखांवर, जानेवारी २०१४ मध्ये एका लाखावर आली आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून ती सर्वांना लागू झाली. सेवाकराच्या नियमांत एक लहानशी, पण बोलकी सवलतही होती; इतरांनी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरायचा कर इंटरनेट बँकिंगने भरणाऱ्याला ६ तारखेपर्यंत भरता येई, म्हणजे नव्या मार्गाला वळवण्यासाठी सरकारने एक दिवस बक्षीस दिला होता.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराची जागा मूल्यवर्धित कराने, म्हणजे व्हॅटने घेतली आणि माझगावच्या विक्रीकर भवनाशी संबंध येणाऱ्या व्यापाऱ्यांनाही क्रमाक्रमाने ई-विवरणपत्र आणि ई-भरणा यांकडे नेण्यात आले. राज्य शासनाने ग्रास नावाची जमा लेखांकन प्रणाली उभारून विविध खात्यांचा भरणा एका आभासी कोषागारात आणला. येथे या राज्याची एक वेगळी अडचण पुढे आली. महाराष्ट्रातील पुष्कळ लहान आणि मध्यम व्यापाऱ्यांची मुख्य खाती नागरी सहकारी बँकांत असत, कारण कर्ज तेथे ओळखीवर आणि लवकर मिळे. पण सरकारी भरणा स्वीकारण्याचा अधिकार प्रामुख्याने राष्ट्रीयीकृत आणि काही निवडक बँकांना होता आणि व्यवहाराची सोय असलेले इंटरनेट बँकिंग देण्याची परवानगी सहकारी बँकांना उशिरा व अटींसह मिळाली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एका बँकेशी बांधलेल्या व्यापाऱ्याला केवळ कर भरण्यासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडावे लागले. प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २००८ मध्ये परिपत्रक काढून, दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यातूनही स्वतःचा कर विद्युत मार्गाने भरता येईल, फक्त चलनावर कायम खाते क्रमांक करदात्याचा हवा, असे स्पष्ट केले, ते अशाच अडचणींवर उतारा म्हणून. या सवलतीमुळे करसल्लागाराच्या किंवा नातलगाच्या खात्यातून भरणा करणे कायदेशीर झाले.

विद्युत भरण्याच्या या सक्तीचा एक सामाजिक परिणाम नोंदवणे अगत्याचे आहे. खिडकीवर चलन घेऊन जाणारा दिवाणजी किंवा दुकानातला पोऱ्या नोटा मोजून देई आणि शिक्का मारलेला कागद मालकाला आणून देई. त्या कागदाचा अर्थ मालकाला कळे. नेट बँकिंगमध्ये परवलीचे शब्द, मोबाइलवर येणारे एकवेळचे संकेतांक आणि लेखाशीर्षांच्या याद्या आल्या, आणि वयस्क किंवा इंग्रजी न वाचणाऱ्या व्यापाऱ्याने ते सारे करसल्लागाराच्या हवाली केले. मोठ्या पेढ्यांत बँकांनी एकाने आदेश तयार करायचा आणि दुसऱ्याने तो मंजूर करायचा अशी दुहेरी व्यवस्था दिली, ती उत्तम होती. एकहाती दुकानात मात्र तसा दुसरा माणूसच नव्हता. वर्षाला २,५०० रुपये व्यवसायकर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला भरणा करून देण्याचे शुल्क स्वतंत्र द्यावे लागू लागले. पुरावा सुरक्षित झाला, पण तो वाचण्याची क्षमता काही काळ त्याच्या हातून गेली, आणि ही हानी कोणत्याही वार्षिक अहवालात दिसत नाही.

३० जून २०१७ ची मध्यरात्र या इतिहासातला सांधा आहे. त्या रात्री संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात वस्तू व सेवा कराचा, म्हणजे जीएसटीचा प्रारंभ झाला आणि त्याच रात्री मुंबईच्या वेशीवरील दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्द येथील जकात नाके बंद झाले. मालाच्या ट्रकाला वेशीवर थांबवून कर घेण्याची, मध्ययुगापासून चालत आलेली रीत त्या रात्री संपली, आणि तिच्या जागी आलेल्या करात भरणा हा जन्मतःच विद्युत होता. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या जीएसटी नेटवर्क या कंपनीच्या एकाच संकेतस्थळावरून देशभरचे चलन निघू लागले. प्रत्येक चलनाला १४ अंकी क्रमांक मिळे आणि ते १५ दिवस वैध राही. बँकेच्या खिडकीवर एका करकालावधीसाठी एका चलनावर १०,००० रुपयांपर्यंतच भरता येई; त्याहून अधिक रक्कम नेट बँकिंगने, कार्डाने किंवा एनईएफटी-आरटीजीएसने भरायची होती. या शेवटच्या पर्यायामुळे सहकारी बँकांच्या खातेदारांना आपल्या जुन्या बँकेतूनच कर पाठवण्याचा मार्ग मोकळा झाला, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब होती. २०२२ मध्ये त्यात यूपीआय आणि आयएमपीएसची भर पडली. भरणा यशस्वी झाला की मूळ क्रमांकाला बँकेचा तीन अंकी संकेतांक जोडून १७ अंकी चलन ओळख क्रमांक तयार होई आणि रिझर्व्ह बँकेची ई-कुबेर प्रणाली सर्व बँकांकडून आलेल्या रकमांचा ताळमेळ घाली.

जीएसटीने आणलेली खरी नवी गोष्ट मात्र रोख खातेवही ही होती. पूर्वी चलन भरले की कर भरला गेला. आता चलनाने भरलेली रक्कम आधी करदात्याच्या नावे सरकारकडे ठेवलेल्या विद्युत रोख खातेवहीत जमा होते आणि मासिक विवरणपत्र दाखल करताना त्यातून कराची रक्कम वजा होते. म्हणजे भरणा एकाऐवजी दोन पायऱ्यांत होतो, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये पैसा सरकारच्या ताब्यात असूनही कर म्हणून गणला गेलेला नसतो. खातेवहीचे रकानेही काटेकोर ठेवले गेले: केंद्राचा कर, राज्याचा कर, आंतरराज्य कर आणि उपकर हे वेगळे, आणि प्रत्येकाखाली कर, व्याज, दंड, शुल्क हे पुन्हा वेगळे. घाईत राज्याच्या कराची रक्कम आंतरराज्य कराच्या रकान्यात भरली, तर ती तेथेच अडकून पडे आणि योग्य रकान्यात दुसऱ्यांदा पैसे भरून पहिल्या रकमेच्या परताव्यासाठी अर्ज करावा लागे. एका रकान्यातून दुसऱ्यात रक्कम वळवण्याची सोय २०२० मध्ये आली, तोवर तीन वर्षे लहान व्यापाऱ्यांचे खेळते भांडवल अशा चुकांमध्ये गुंतून राहिले. लेखाशीर्ष चुकण्याचा जुना रोग नव्या यंत्रणेत जसाच्या तसा आला होता आणि त्याच्यावर औषध आधीच तयार ठेवता आले असते, असे म्हणणे भाग आहे.

पहिल्या महिन्यांतच यंत्रणेची कसोटी लागली. जुलै २०१७ च्या व्यवहारांचे पहिले विवरणपत्र भरण्याची मुदत २० ऑगस्टला संपत असताना आदल्या दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि मुदत २५ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका याचिकेत, तात्पुरता नोंदणी क्रमांक मिळूनही संकेतस्थळावर प्रवेश न मिळाल्यामुळे कर भरता येत नाही आणि विवरणपत्रही दाखल करता येत नाही, अशी उत्पादक कंपनीची तक्रार होती. संकेतस्थळ सहज उघडत नसेल तर संसदेच्या विशेष सत्रांना किंवा जीएसटी परिषदेच्या बैठकांना करदात्याच्या लेखी काही अर्थ उरत नाही, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले. कर द्यायला तयार असलेल्या माणसाला कर देता न येणे, ही कोषागाराच्या काळात न उद्भवलेली परिस्थिती होती, कारण खिडकी बंद असली तरी ती कोठे आहे हे तरी त्याला माहीत असे.

मधल्या अंतराचा धोका कोणाचा, हा ओगलेवाडीचा प्रश्नही येथे नव्या रूपात परतला. जीएसटी कायद्याच्या कलम ४९ नुसार, अधिकृत बँकेतील सरकारच्या खात्यात रक्कम जमा होण्याचा दिवस हाच रोख खातेवहीत जमेचा दिवस मानला जातो. म्हणजे करदात्याने रक्कम सोडली तो दिवस गौण आणि ती पोचली तो दिवस प्रधान. डिसेंबर २०१९ मध्ये एनईएफटी चोवीस तास सुरू होईपर्यंत २० तारखेच्या रात्री पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात जाण्याची शक्यता होती. बँकेच्या खात्यातून पैसे गेले, पण चलन ओळख क्रमांक तयारच झाला नाही, असा प्रसंग इतका संभाव्य होता की नियमांत त्यासाठी पीएमटी-०७ हा स्वतंत्र तक्रारअर्ज ठेवण्यात आला. धनादेशाच्या काळात न्यायालयाने आणि कर मंडळाने भरणाऱ्याच्या खांद्यावरून उतरवलेले ओझे कायद्याच्या एका स्पष्टीकरणाने पुन्हा त्याच्यावर आले होते, आणि या उलटापालटीची चर्चा करसल्लागारांच्या वर्तुळाबाहेर जवळजवळ झाली नाही.

त्याहून मोठा वाद दोन पायऱ्यांमधल्या काळावर झाला. व्यापाऱ्याने मुदतीत रोख खातेवहीत पैसे जमा केले, पण काही कारणाने विवरणपत्र उशिरा दाखल झाले, तर मधल्या काळाचे व्याज द्यावे लागेल का? २०२२ मध्ये झारखंड उच्च न्यायालयाने खातेवहीतील रक्कम ही केवळ ठेव असून ती विवरणपत्राद्वारे वजा होईपर्यंत कर भरला गेला असे म्हणता येत नाही, असा निर्णय दिला. जानेवारी २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याच्या नेमके उलट धरले: चलनाने भरलेला पैसा त्याच वेळी सरकारच्या खात्यात जातो आणि सरकार तो वापरू शकते, मग त्या दिवशीच कराची जबाबदारी फिटली आणि व्याजाला आधार उरत नाही. हे दुसरे म्हणणे न्यायाला अधिक धरून आहे. व्याज हे दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे अडकवून ठेवल्याची भरपाई असते, आणि येथे पैसा सरकारकडेच होता.

२२ जून २०२४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५३ व्या बैठकीत हा प्रश्न नियम बदलून सोडवण्याची शिफारस झाली आणि १० जुलै २०२४ च्या अधिसूचनेने नियम ८८बी मध्ये परंतुक जोडण्यात आले. त्यानुसार मुदतीच्या दिवशी किंवा त्याआधी रोख खातेवहीत जमा असलेली आणि पुढे उशिराच्या विवरणपत्राद्वारे वजा झालेली रक्कम व्याजाच्या गणनेतून वगळली जाते, मात्र त्यासाठी ती मुदतीच्या दिवसापासून वजावटीच्या दिवसापर्यंत खातेवहीत शिल्लक असली पाहिजे. विवरणपत्र उशिरा दाखल केल्याबद्दलचे विलंब शुल्क पूर्वीप्रमाणेच लागू राहिले.